हिरव्या दाराची मागणी

टाचणीची उत्तरं ‘खुंटी’वरच्या जुन्या लोकांना तोंडपाठ होती. त्या साइटवर कुणीही काहीही मागायला मोकळं होतं, आणि ती नाही म्हणायला त्याहून मोकळी.

“उद्यापर्यंत लिपस्टिकच्या बेचाळीस छटा हव्यात,” असं कुणी लिहिलं की ती खाली लिहायची, “मला उद्यापर्यंत आठवड्याची रजा हवी आहे. बघू आधी कुणाचं काम होतं.” ओळीने तीनदा ‘प्लीज’ लिहिणाऱ्याला तिने कळवलं होतं, “एकात भागतं. उरलेले दोन पुढच्या वेळेसाठी ठेवा.”

साइट होती एका खेळाची. कॉम्प्युटरवर घर बांधायचं, त्यात माणसं ठेवायची, त्यांना नोकऱ्या लावायच्या, भांडणं लावायची आणि मिटवायची, असा तो खेळ. कंपनीने दिलेल्या खुर्च्या-कपड्यांचा लोकांना लवकरच कंटाळा येई. मग हौशी माणसं घरी बसून नव्या वस्तू घडवत आणि खेळात घालत. त्याला मॉड म्हणतात. ‘खुंटी’वर असे जवळजवळ चार हजार मॉड होते आणि सगळे फुकट. एकाने मागितलं, टाचणीने बनवलं, की ते सगळ्यांचं झालं.

मागण्यांचं पान तिच्याकडे सहा वर्षं होतं. तिचं तोंड तिखट, पण हात सोन्याचा. एकाने वडील गेल्यावर त्यांची खुर्ची मागितली होती, उजव्या हाताला तार गुंडाळलेली. तार किती वेढे होती हे तिने दोनदा विचारून घेतलं होतं. एका बाईने स्तनाच्या ऑपरेशननंतर आपल्यासारखीच दिसणारी, पोहायला जाणारी बाई मागितली होती. टाचणीने ती आठवडाभरात दिली आणि खाली फक्त एवढंच लिहिलं, “पाणी गार आहे, जपून.”

दिवसा ती युनिफॉर्म शिवणाऱ्या वर्कशॉपमध्ये कटर होती. लांबलचक टेबलावर कापडाचे चाळीस थर, त्यावर खडूच्या रेघा, आणि हातात विजेवर चालणारी उभी कात्री. हात एकदा घसरला की चाळीस बाह्या बाद. वीस वर्षांत तिचा हात दोनदा घसरला होता आणि दोन्ही तारखा तिला आठवत होत्या.

या खेळाची लागण तिला सासूबाईंमुळे झाली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर म्हातारीने महिनाभर खुर्चीत बसावं म्हणून टाचणीच्या नवऱ्याने आईला हा खेळ लावून दिला होता. तो लिफ्टदुरुस्तीच्या कामावर. अडकलेल्या माणसांना बाहेर काढण्यात त्याचा जन्म चाललेला, त्यामुळे आईला खुर्चीत अडकवल्याचा त्याला फार अभिमान. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी सुनेला हाक मारली.

“अगं, या बायकांचे कपडे बघ. शिंप्याने पिऊन शिवलेत का? एकीला खिसा नाही.”

टाचणीने महिनाभर डोकेफोड करून पहिला मॉड बनवला. दोन खिशांचा साधा स्वेटर. गुडघा बरा झाला, खेळ मात्र सुटला नाही. सासूबाईंनी खेळातल्या कुटुंबात एक सूनही आणली. ती उंच होती, कमी बोलायची आणि सांगितलं की लगेच उठायची.

“ही कोण?” टाचणीने विचारलं होतं.

“आहे एक,” म्हातारी म्हणाली. “तू आपलं तुझं काम कर.”

शांतसागर हे नाव मागण्यांच्या पानावर आलं त्याला दहा महिने झाले होते. बोलणं मऊ. “आपल्या सवडीने”, “आपल्याला त्रास नसेल तर”, असं लिहिणारा तिथे तो एकटाच. टाचणीला सवयच नव्हती. तिने त्याच्या बाबतीत जरा हात सैल सोडला.

आधी त्याने एक तपकिरी दार मागितलं, दोन कुलपांचं, खाली टपाल टाकायची फट असलेलं. मग जिन्यातली खिडकी, काचेला तडा गेलेली. मग तीन कुंड्या. त्यातल्या उंच कुंडीच्या काठाचा टवका उडालेला हवा होता आणि तो डावीकडेच हवा होता. टाचणीने चार वेळा दुरुस्त करून दिला. इतका नेमका माणूस तिला आवडला. बारकावे कळणारी माणसं आहेत कुठे हल्ली, असं ती बटणवालीला म्हणालीसुद्धा. बटणवाली म्हणजे तिच्या समोरच्या मशीनवर काजं पाडणारी बाई, जिला या खेळातलं ओ की ठो कळत नसे, पण ऐकायला आवडे.

मार्चमध्ये त्याने लिहिलं, “तपकिरी दार आता नको. हिरवं हवं. एकच कुलूप, वर अर्धगोल काच. कुंड्या त्याच राहतील.” एप्रिलमध्ये स्वयंपाकघराचा ओटा मागितला. राखाडी फरशी, कोपऱ्यात निळी बादली, वर एका बाजूला कललेलं कपाट. टाचणीने तेही केलं. “बदली झाली वाटतं,” तिने गमतीने लिहिलं. त्यावर त्याने हसरा चेहरा पाठवला.

मग एका मंगळवारी संध्याकाळी, टाचणी कामावरून येऊन चप्पल काढते न काढते तोच, त्याचा खाजगी निरोप आला. या वेळी वस्तू नको होती, माणूस हवं होतं. एक बाई. चेहरा, बांधा, चालण्याची ढब आणि युनिफॉर्म. सोबत पाच फोटो.

पहिल्या फोटोत हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये एक नर्स ट्रॉलीवर वाकली होती. टाचणीची नजर चेहऱ्यावर गेलीच नाही, ती आधी खिशावर गेली. छातीवरचा तो तिरका खिसा तिचा होता. वाकल्यावर पेन पडतं अशी नर्सेसची जुनी तक्रार होती, म्हणून तिनेच मालकीणबाईंना खिसा तिरका करायला लावला होता. हे टॉप वर्कशॉपमधून बाहेर पडून जेमतेम सहा आठवडे झाले होते, आणि ते एकाच हॉस्पिटलला गेले होते.

“अरे वा,” ती स्वतःशीच म्हणाली आणि दुसरा फोटो उघडला.

दुसऱ्यात तीच बाई बसथांब्यावर होती, काचेआडून टिपलेली. तिसऱ्यात दुकानाच्या रांगेत, मागून. चौथ्यात खालून वर काढलेली गॅलरी, आणि ती बाई झाडांना पाणी घालते आहे. तीन कुंड्या. उंच कुंडीचा टवका डावीकडे. पाचवा लांबून ओढून जवळ आणलेला, दाणेदार, नुसता चेहरा. पाचपैकी एकाही फोटोत ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. आपला फोटो निघतोय हे तिला कुठेच ठाऊक नव्हतं.

दार, जिना, कुंड्या, ओटा. घर तर तिने त्याला कधीच बांधून दिलं होतं, खिळ्यापासून खुंटीपर्यंत. आता त्यात ठेवायला त्याला माणूस हवं होतं.

तिने स्वतःला सावरलं आणि लिहिलं, “खऱ्या माणसाचा चेहरा त्या माणसाच्या होकाराशिवाय बनवत नाही. नियम पानावर आहे. या कोण?”

उत्तर लगेच आलं. “माझी पत्नी. तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा आहे.”

“मग त्यांनी कॅमेऱ्याकडे बघत काढलेला एक तरी फोटो तुमच्याकडे असेल. तो पाठवा.”

यावर उत्तर आलं ते वेगळ्याच आवाजात. “तुमची साइट वर्षभर कुणाच्या सर्व्हरवर चालते आहे, हे तुम्हाला माहीत दिसत नाही.”

खरंच माहीत नव्हतं. साइट सुरू करणारा भोवरा तिला एवढंच म्हणाला होता की एका भल्या माणसाने आपल्याला फुकट जागा दिली आहे.

“माहीत नव्हतं,” तिने लिहिलं. “आता झालं. चेहरा मिळणार नाही.”

आणि ते पाठवल्या पाठवल्या तिला सुचलं की सर्व्हर त्याचा, म्हणजे किल्ल्याही त्याच्या. तो सगळं पुसून टाकू शकतो. तिने नवऱ्याचा पेनड्राइव्ह ओढून घेतला आणि दहा महिन्यांतल्या त्याच्या एकूण एक मागण्या, तारखा, पाचही फोटो त्यात उतरवून घेतले. तो पेनड्राइव्ह तिने खडूच्या डबीत ठेवला आणि डबी पर्समध्ये.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत भोवऱ्याचा फोन आला. भोवरा हा भूगोलाचा मास्तर, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला. ‘खुंटी’ त्याने बारा वर्षांपूर्वी सुरू केली होती आणि पोटच्या पोरीसारखी वाढवली होती. आजवर टाचणीशी चढ्या आवाजात बोलला नव्हता.

“टाचणीबाई, काय केलंत हे? त्यांचा निरोप आलाय, फोटोंसकट. रविवारपर्यंत काम झालं नाही तर साइट बंद.”

“होऊ दे.”

“अहो, होऊ दे काय! बारा वर्षं! चार हजार वस्तू! त्यातल्या निम्म्या बनवणाऱ्यांचा आता पत्ताही नाही. एक चेहरा तर आहे. खेळातला.”

“मास्तर, फोटो बघितलेत?”

“बघितले.”

“मग एक सांगा. ती बाई तुमच्याकडे बघतेय का?”

“नवरा-बायकोच्या भानगडीत आपण कशाला पडायचं? तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्या कुणाला सांगतो.”

“सांगा की. पण मग मागण्यांच्या पानावर नाव त्या दुसऱ्याचं टाका आणि खाली लिहा, इथे माणसं करून मिळतात. मी फुकट काम करते ते माझ्या मर्जीने करते. पैसे घेत असते तर एखादवेळी ऐकूनही घेतलं असतं. फुकटात मिंधेपणा कोण करतो?”

तिने फोन ठेवला आणि तडक कात्रीकडे वळली. बटणवालीने मशीन थांबवून सगळं ऐकलं होतं.

“कात्री नको धरूस आता,” ती म्हणाली. “दहा मिनिटं बस.”

संध्याकाळी घरी सासूबाईंनी विचारलं, “तोंड का पाडलंयस?” टाचणीने सगळं सांगितलं. म्हातारीने खेळ थांबवला. ती खेळ क्वचितच थांबवायची, भूकंप झाला असता तरी आधी पात्रांना झोपवून मग उठली असती.

“साइट बंद झाली तर माझं घर जाईल?” तिने विचारलं.

“तुमचं आहे ते राहील. नवीन काही मिळणार नाही.”

“तो निळ्या बादलीचा ओटा मी पण लावलाय,” म्हातारी म्हणाली. “त्या मेल्याने मागितलेला. चांगला वाटला म्हणून.” तिने पडद्यावरच्या ओट्याकडे बोट केलं. “म्हणजे मी त्या बाईच्या स्वयंपाकघरात बसलेय की काय?”

“आपण सगळेच बसलोय, आई.”

“मग तिला सांगायला नको? इथे मला काय सांगत बसलीस!”

गुरुवारी टाचणीने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मोजपट्टी गळ्यात अडकवली, मनगटाला टाचण्यांची उशी बांधली, आणि हॉस्पिटलच्या दारावर सांगितलं की नव्या युनिफॉर्मचे खिसे तपासायला आले आहे. कुणीही अडवलं नाही. गळ्यात मोजपट्टी असलेल्या बाईला जगात कुणी अडवत नाही. दोन वॉर्ड फिरून झाले. तिसऱ्यात ती दिसली. फोटोतल्यापेक्षा बारीक, पस्तिशीची, केस घट्ट बांधलेले. टाचणीने तिला चादरींच्या खोलीत बोलावलं, खिसा बघायचा म्हणून.

“खिसा चांगला आहे,” नर्स म्हणाली. “पेन पडत नाही आता.”

“खिशासाठी नाही आले मी.” टाचणीला कसं सांगावं ते कळेना. शेवटी तिने फोनवरचं चित्र पुढे केलं. खेळातलं हिरवं दार, वर अर्धगोल काच. “हे ओळखता का?”

नर्सने चित्र बघितलं आणि मागे सरकून चादरींच्या कपाटाला टेकली. “हे तुमच्याकडे कसं?”

“मी बनवलंय. एका माणसाने मागितलं म्हणून.”

मग तिने ओटा दाखवला. निळी बादली, कललेलं कपाट. नर्सने बादलीवर बोट ठेवलं.

“इथे कुणीही आलेलं नाही,” ती हळूच म्हणाली. “या घरात मी दारातून आत कुणालाही घेतलेलं नाही. मार्चमध्येच राहायला आले. माझ्या सख्ख्या बहिणीलासुद्धा पत्ता दिलेला नाही.”

“तुमचे यजमान—”

“मला नवरा नाही.”

हकीकत तुटक तुटक बाहेर आली. दीड वर्षापूर्वी या वॉर्डात एक म्हातारी अकरा दिवस होती. तिचा मुलगा रोज यायचा, फार सभ्य. म्हातारी गेल्यावरही तो येत राहिला. आभाराची पत्रं, मग नुसतीच पत्रं, मग बसथांबा, मग जिना. तिने नाही म्हटलं, समजावून म्हटलं, ओरडून म्हटलं. तक्रार द्यायला गेली तर विचारलं गेलं, त्याने नेमकं केलंय काय? पत्रांत एक वाकडा शब्द नव्हता. रस्त्यावर उभं राहायला बंदी नव्हती. शेवटी तिने घर बदललं. तपकिरी दार सोडून हिरव्या दाराआड आली. गेले तीन महिने तो दिसला नव्हता, म्हणून तिला वाटलं होतं, सुटले.

“ओट्याच्या समोर खिडकी आहे?” टाचणीने विचारलं.

“आहे. समोर एक रिकामी इमारत आहे.”

मग नर्स एकदम उसळली. “आणि तुम्ही बनवत गेलात? एकदाही विचारलं नाहीत, कुणाचं घर आहे?”

“नाही विचारलं,” टाचणी म्हणाली. “गोड बोलला, म्हणून विचारलं नाही. माझं चुकलं.” तिने खडूची डबी काढली आणि पेनड्राइव्ह नर्सच्या तळहातावर ठेवला. “यात सगळं आहे. कोणत्या तारखेला काय मागितलं, काय शब्दांत मागितलं, फोटो. हे तुमचं आहे. तुम्ही म्हणाल तर उद्या तुमच्याबरोबर येते. नाही म्हणालात तर इथून जाते आणि पुन्हा तोंड दाखवत नाही.”

नर्सने मूठ मिटली. “सकाळची ड्यूटी दोनला संपते,” ती म्हणाली.

शुक्रवारी अडीच वाजता त्या दोघी पोलीस ठाण्यात होत्या. इन्स्पेक्टरबाईंच्या टेबलावर फायलींचा ढीग होता आणि चेहऱ्यावर तो ढीग वाचल्याचा थकवा.

“खेळातल्या दारावरून तक्रार?” त्यांनी विचारलं. आवाजात थट्टा नव्हती, पण विश्वासही नव्हता.

“दोन मिनिटं द्या मॅडम,” टाचणी म्हणाली. तिने लॅपटॉप उघडला. आदल्या संध्याकाळी तिने शांतसागरने मागितलेली प्रत्येक वस्तू त्याने सांगितलेल्या मापाने मांडून ठेवली होती. आधी जुन्या घराचा जिना, तडा गेलेली खिडकी, तपकिरी दार, मग हिरव्या दारातून आत. इन्स्पेक्टरबाई पेन फिरवत बघत होत्या. नर्स एकेक सांगत गेली. “या माझ्या कुंड्या. हे कपाट घरमालकाने असंच कललेलं लावलंय. ही बादली मी एप्रिलमध्ये आणली.”

“बादली कधी मागितली त्याने?” इन्स्पेक्टरबाईंनी विचारलं.

टाचणीने तारीख दाखवली. अठरा एप्रिल.

“आणलीत कधी?”

“सोळाला,” नर्स म्हणाली. “पगाराच्या दुसऱ्या दिवशी.”

पेन फिरायचं थांबलं. इन्स्पेक्टरबाईंनी दार लोटून घेतलं, शिपायाला बोलावलं आणि तक्रार पहिल्यापासून लिहून घ्यायला सांगितली. उठताना टाचणीला म्हणाल्या, “उद्या सकाळपर्यंत त्याला काही कळता कामा नये. साइटवर चकार शब्द लिहायचा नाही. जमेल?”

“अवघड आहे,” टाचणी म्हणाली. “पण जमवते.”

शनिवारी सकाळी नऊ वाजता इन्स्पेक्टरबाईंचा फोन आला. त्याला चौकशीला आणलं होतं. समोरच्या रिकाम्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एक घडीची खुर्ची सापडली होती.

त्यानंतर टाचणी जी बसली ती बसलीच. भोवऱ्याला विचारलं नाही, परवानगी मागितली नाही. साइटच्या पहिल्या पानावर तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं:

“ज्याच्या जागेवर आपण वर्षभर राहिलो, त्याने इथे एका जिवंत बाईची मागणी केली. तिला न विचारता. मी नाही म्हटलं. म्हणून ही साइट आता कोणत्याही क्षणी बंद होईल. बंद झाली तर झाली. ज्याला जे नेता येईल ते त्याने घरी न्यावं. एकेकाने एकेक कप्पा उचला. कुणी काय उचललं ते खाली लिहा. रडत बसू नका, डाउनलोड करा.”

दहा मिनिटांत पहिलं नाव आलं. “खुर्च्या मी घेतो.” मग “बाळांचे कपडे माझ्याकडे.” मग “दारं-खिडक्या आम्ही दोघी बहिणी.” ज्याच्या वडिलांची तार गुंडाळलेली खुर्ची होती, त्याने लिहिलं, “मला हलकं काम देऊ नका, मी दिवसभर मोकळा आहे.” दुपारी नवरा कामावरून आला, त्याने चहाचा कप तिच्या कोपराशी ठेवला आणि आपल्या लॅपटॉपवर ‘दिवे व पंखे’ उतरवायला बसला.

चार वाजता भोवऱ्याचा फोन आला. टाचणी भांडायच्या तयारीनेच बोलली. “बोला मास्तर.”

तो म्हणाला, “मी पस्तीस वर्षं पोरांना सांगितलं की नकाशावर खूण करण्याआधी तिथे काय आहे ते बघावं. आणि फोटो बघूनसुद्धा मी... मला साइट जाईल याचीच भीती वाटली हो.”

“वाटणारच. तुमची आहे.”

“जुने कप्पे माझ्याकडे आहेत, पहिल्या चार वर्षांचे. घरच्या कपाटात. कुणी उतरवायला नकोत.”

“मग हे आधी सांगायचं नाही का! तिघंजण त्यावर बसलेत सकाळपासून.”

संध्याकाळी सहाला शांतसागर ठाण्यातून सुटून आला असावा. सहा वाजून वीस मिनिटांनी पान पांढरं झालं. त्याआधी टाचणीच्या खात्यावर त्याचा शेवटचा निरोप झळकला, “आता घ्या तुमचं तत्त्व.” ती उत्तर टाइप करत होती, अर्ध्या वाक्यातच सगळं गेलं. त्याचं तिला फार वाईट वाटलं. उत्तर चांगलं होतं.

पुढे सगळं सरळ झालं असं नाही. कोर्टाने त्याला नर्सपासून लांब राहण्याचा हुकूम दिला. खटला सुरू झाला, तारखा पडत राहिल्या. इमारतीतल्या खुर्चीबद्दल त्याच्या वकिलाने फार हुशारीने बोलून दाखवलं. नर्सला पुन्हा घर बदलावं लागलं आणि त्याची तिला भयंकर चीड आली.

“त्याने का नाही बदलायचं?” ती टाचणीच्या घरी बसून म्हणाली. “प्रत्येक वेळी मीच का खोकी बांधायची?” सासूबाईंनी खोकी बांधायला दोरी दिली आणि कशी बांधायची हेही दाखवलं.

टाचणीने तिला विचारलं, ते दार आणि तो ओटा कायमचे पुसून टाकू का? पण एव्हाना हजारो लोकांच्या खेळांत ते लागलेले होते, हेही तिने खरं खरं सांगितलं.

“राहू द्या,” नर्स म्हणाली. “हजार घरांना तेच दार असलं तर कुठलं माझं, ते कुणाला कळणार आहे? फक्त कुंड्या काढा. कुंड्या माझ्या आहेत.”

कुंड्या काढल्या.

सात आठवड्यांनी ‘खुंटी’ पुन्हा उभी राहिली. चार हजारांतल्या एकतीसशे वस्तू परत आल्या. बाकीच्या गेल्या त्या गेल्या, त्यांत टाचणीचा तो पहिला स्वेटरही होता, त्याची घरची प्रत जुन्या कॉम्प्युटरबरोबर कधीच गेली होती. सर्व्हर आता कुणा भल्या माणसाचा नव्हता. तीन घरांतल्या तीन जुन्या कॉम्प्युटरवर मिळून साइट चालत होती. एक भोवऱ्याकडे, एक त्या दोघी बहिणींकडे आणि एक टाचणीच्या घरी, बैठकीच्या खोलीत सासूबाईंच्या पलंगाशेजारी. तो दिवसभर घुं घुं करायचा आणि भिंत तापवायचा.

पहिल्याच दिवशी मागण्यांच्या पानावर कुणा नवख्याने लिहिलं, “इतके नियम असतील तर फुकट कशाला चालवता? लोकांवर उपकार?”

टाचणी कामावरून येऊन वाचत उभी होती. चप्पल अजून पायातच.

“उपकार नाहीत,” तिने उभ्या उभ्याच लिहिलं. “फुकट आहे म्हणूनच नियम आमचे. पटले तर मागा, काय हवंय ते नीट सांगा, मापं द्या. माणूस मागणार असाल तर त्याला सोबत घेऊन या.”

तेवढ्यात नवरा आत आला, कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, “केवढा उकाडा झालाय इथे. हा डबा तासभर बंद करू का?” आणि त्याने बटणाकडे हात नेला.

“हात लावून बघ,” पलंगावरून सासूबाई म्हणाल्या. पडद्यावरची नजर त्यांनी काढली नव्हती. “खिडकी उघड तुला उकडत असेल तर.”

त्याने खिडकी उघडली.